मनातल्या मनात मोजताना

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा निवडक भाग)

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन प्रिन्स्टनला शिकत होते तेव्हाची ही गोष्ट. नोबेल अजून लांब होतं, ते मिळालं 1965 मध्ये. घड्याळाकडे न पाहता मिनिट मोजायचा नाद त्यांना लागला. जिने चढून-उतरून झाले, धाप लागली, पण मोजायची गती काही बदलेना. मग मोजता मोजता आणखी काय जमतं, हे ते पाहू लागले. धुवायला टाकायचे मोजे मोजायला गेले, तिथे गाडी अडली. वर्तमानपत्र मात्र आरामात वाचता आलं. पण बोलायला तोंड उघडलं की आकडा गायब!

हे त्यांनी सकाळी न्याहारीला सगळ्यांना सांगितलं. तिथे जॉन टुकी होते, पुढे संख्याशास्त्रात फार मोठं झालेलं नाव. त्यांना हे पटेना. मोजताना वाचता कसं येईल, आणि बोलायला काय हरकत आहे? टुकींनी मनात मोजत मोजत गप्पा मारल्या आणि आकडाही बरोबर सांगितला. उलगडा पुढे झाला. फाइनमन आकडे मनात उच्चारत होते, त्यामुळे त्यांची वाचा गुंतलेली. टुकींच्या डोळ्यांपुढून आकड्यांची पट्टी सरकत होती, त्यामुळे डोळे गुंतलेले आणि जीभ मोकळी.

मंडळी, दोघांचं मोजणं बाहेरून अगदी सारखं होतं. साठ म्हणजे साठ. दोन कामांची टक्कर लावली नसती, तर आत फरक आहे हे जन्मात कळलं नसतं. एरवी कोणी विचारलंच, तर ‘मनात मोजलं’ यापलीकडे आपल्याला तरी काय सांगता येतं?

मनात मोजण्याची ज्याची त्याची वाट जन्मजात असते का? सगळी नसावी. इथे पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांनी पावकी-निमकीसकट पाढे चालीवर घोकलेले आहेत. त्यांना सत्तावीस चोक विचारा, ‘अष्टोदरसे’ हे चालीतूनच बाहेर येईल. अबॅकसच्या क्लासची मुलं पाहा, हवेत बोटं नाचवत, मनातल्या अबॅकसवर बेरजा करतात. मायकेल फ्रँक आणि डेव्हिड बार्नर यांनी गुजरातमधल्या अशा मुलांवरचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध केला. आकडेमोड चालू असताना त्यांना तोंडानं भलतंच काही बोलायला लावलं, तरी त्यांचं फारसं बिघडलं नाही. म्हणजे ही मुलं टुकींच्या जातीची, पण सरावानं झालेली.

काहींच्या डोळ्यांपुढे तर काहीच येत नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1880 मध्ये लोकांना सकाळचं न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं, तेव्हा काही शास्त्रज्ञांना ‘मनात चित्र दिसणं’ ही नुसती बोलायची पद्धत वाटत होती. 2015 मध्ये ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी मनात चित्र न दिसण्याला ‘अफँटेशिया’ असं नाव दिलं.

आता पालक लगेच विचारतील, आमचा मुलगा व्हिज्युअल की ऑडिटरी? कृपा करून असे शिक्के मारू नका. हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये उपलब्ध पुरावा तपासला. शिक्क्याप्रमाणे शिकवल्यानं मूल जास्त शिकतं, या म्हणण्याला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. आणि शिक्का मारायचाच, तर एड कॅटमल यांना कुठला मारणार? पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओच्या या सहसंस्थापकांना मनात चित्र दिसत नाही. ‘द लिटल मर्मेड’मधल्या एरियलला पडद्यावर आणणारे ग्लेन कीन, त्यांनाही दिसत नाही. चित्र आधी मनात आणि मग कागदावर, हा क्रम त्यांच्या कामी येतच नाही.