पाच पायऱ्या
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शिक्षक. विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून होणे नाही. कार्यवाहांच्या आग्रहास्तव तीन दिवसांच्या एका मुक्कामाची हकीकत आपणापुढे ठेवतो.

२०१९ साली माझ्या पत्नीस पक्षाघात झाला. तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीवर आहे. २०२३ च्या जूनमध्ये बोस्टनहून, कन्येकडून, परतताना आम्ही आइसलंडमार्गे आलो. तेथील विमान कंपनी जादा भाडे न घेता वाटेत सात रात्रींपर्यंत राहू देते. शेंगेन व्हिसा मात्र आधी काढावा, आणि खुर्चीची गरज अठ्ठेचाळीस तास अगोदर कळवावी.

व्हायकिंग म्हणजे लुटारू दर्यावर्दी, एवढेच मी वर्गात सांगत आलो. राजधानी रेक्याविक येथे २००१ साली त्यांचे दहाव्या शतकातील एक लांबट घर उत्खननात सापडले. शेजारच्या भिंतीचा अवशेष तर इ. स. ८७१ च्या सुमारास पडलेल्या ज्वालामुखीच्या राखेखाली मिळाला. म्हणजे तो त्याहून जुना. जागच्या जागी जतन केलेले ते घर पाहावयास आम्ही लिफ्टने खाली उतरलो. मध्यभागी चुलीची जागा पाहून पत्नी म्हणाली, "अहो, यांचाही संसार चुलीभोवतीच की!"

दुसऱ्या दिवशी थिंगवेट्लिरला गेलो. इ. स. ९३० पासून तेथे उघड्या माळावर त्यांची लोकसभा भरे. कायदे लिहिलेले नव्हते. सभेचा प्रमुख दरवर्षी त्यांचा एकतृतीयांश भाग तोंडपाठ म्हणून दाखवी. खाली जाणारी वाट उताराची, म्हणून आम्ही वरच्या सज्जावरूनच ते स्थळ डोळे भरून पाहिले.

परंतु माझ्या मनात घर केले ते निराळ्याच गोष्टीने. हाराल्दुर थोर्लेइफसन हे तेथील उद्योजक स्वतः चाकांच्या खुर्चीवर असतात. एकदा पत्नी व मूल दुकानात गेले आणि एका पायरीमुळे हे बाहेर राहिले. त्यांनी रागाचे रूपांतर कार्यात केले. २०२१ साली राजधानीत शंभर उतार बांधण्याचा संकल्प सोडला, तो मुदतीपूर्वी पुरा केला. पुढे देशभर हजारावर उतार झाले. त्यांपैकी कित्येकांवरून माझी पत्नी कोणाचाही हात न धरता दुकानात गेली. चार वर्षांनी तिने स्वतः निवडून लोकर विकत घेतली.

आता घरची गोष्ट. आपल्या या सभागृहास पाच पायऱ्या आहेत. गतवर्षी चौघा तरुणांनी तिला खुर्चीसह उचलून आत आणले. त्यांच्या मनात आदरच होता. पण घरी गेल्यावर ती म्हणाली, "पुन्हा मला नेऊ नका. मी सामान नव्हे." म्हणून आज ती येथे नाही. आपल्यापैकी किती घरांतील वृद्ध याच कारणाने येत नाहीत, याचा विचार व्हावा.

हिशेब सोपा आहे. एक इंच उंचीस बारा इंच लांबी लागते. सहा इंचांच्या पाच पायऱ्या म्हणजे तीस इंच. तीस फुटांचा उतार पुरे. अंगणात तेवढी जागा आहे; मी स्वतः मोजली आहे.

माझे एका महिन्याचे निवृत्तिवेतन या कार्यासाठी आजच कार्यवाहांच्या स्वाधीन करीत आहे. पुढील संमेलनास आम्ही उभयता येऊ, अशी आशा बाळगून आपली रजा घेतो.