बुरशीच्या पेल्यातील आकडी

युरोपात अ‍ॅश वृक्षाच्या गळलेल्या पानांच्या देठांवर उन्हाळ्यात पांढरे, इवलेसे पेले उगवतात. ही एक निरुपद्रवी बुरशी, असा एकोणिसाव्या शतकापासूनचा समज. परंतु १९९२च्या सुमारास पोलंडमधील अ‍ॅश शेंड्यांकडून वाळू लागले आणि २००९ साली आळ याच बुरशीवर आला. २०११ मध्ये आनुवंशिक तपासणीने उलगडा झाला: पेल्यांच्या जाती दोन आहेत, एक निरपराध, दुसरी मारक. डोळ्यांना मात्र दोन्ही सारख्याच!

मग ओळखावे कसे? पेल्याचा बारीक काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की लांबट पिशव्या दिसतात. प्रत्येकीत आठ बीजाणू. पिशवीच्या बुडाशी फळे तोडावयाच्या आकडीसारखा बाक असेल, तर ती मारक जाती. नसेल, तर निरपराध. ही खूण २०१४ साली प्रसिद्ध झाली.

या बाकाला शास्त्रज्ञ ‘क्रोझिअर’ म्हणतात. आम्हां ख्रिस्ती लोकांच्या बिशपांच्या हाती असणाऱ्या, मेंढपाळाच्या काठीसारख्या दंडाचेच हे नाव. मेंढराच्या कातड्यातील लांडगा ओळखावयास अखेर मेंढपाळाचीच काठी उपयोगी पडली!