घरगुती डायलिसिस : यंत्र आणि नेम

(श्रींच्या वार्षिक उत्सवानिमित्त सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



श्रींच्या चरणी मस्तक ठेवून मी चार शब्द बोलण्यास उभा आहे. या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची प्रवचने झाली. मी विद्वान नव्हे आणि वैद्यही नव्हे. वीज खात्यात उभी हयात घालवलेला एक निवृत्त अभियंता आहे. मला बोलण्याचा अधिकार एवढाच, की २०१९ सालापासून माझ्या घरी डायलिसिस चालू आहे. रुग्ण माझी पत्नी आणि तिचा मदतनीस मी. आपल्या कित्येक घरांत मधुमेह आणि रक्तदाब वस्तीला आहेत, आणि मूत्रपिंडे निकामी होण्याची हीच दोन प्रमुख कारणे होत. हा पाहुणा कोणाच्या दारी केव्हा येईल हे सांगता येत नाही; तेव्हा त्याची ओळख आधीच असलेली बरी.

निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास अखंड काम करतात. रुग्णालयातील नेहमीचे डायलिसिस आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येक वेळी सुमारे ४ तास, म्हणजे एकूण १२ तास चालते. उरलेल्या १५६ तासांत शरीरात पाणी, क्षार आणि मळ साचत राहतो, आणि मग तो चार तासांत घाईने काढावा लागतो. डायलिसिसनंतर रुग्ण गळून जातो त्याचे एक मोठे कारण ही घाई. पाणी मोजून पिणे, नारळाचे पाणी आणि केळी वर्ज्य करणे, लोणचे, पापड व सुके मासे यांना रजा देणे, ही बंधनेही त्यातूनच आली.

या विद्येचा इतिहास फार जुना नाही. १९४३ साली, जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमधील कांपेन या गावी, विलेम कोल्फ या डॉक्टरांनी मांसाच्या सॉसेजसाठी वापरावयाची सेलोफेनची नळी एका फिरत्या पिंपाला गुंडाळून पहिले उपयुक्त कृत्रिम मूत्रपिंड सिद्ध केले. १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायम बसविण्याची युक्ती काढली, तेव्हा कुठे वर्षानुवर्षे डायलिसिस करणे शक्य झाले. आणि १९६४ मध्येच सिएटल, बोस्टन व लंडन येथे काही रुग्णांच्या घरी यंत्रे पोहोचली. रुग्ण अनेक, खाटा मोजक्या आणि खर्च अवाढव्य, या अडचणीतून हा मार्ग निघाला. घरगुती डायलिसिस ही आजची टूम नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

नवी आहेत ती यंत्रे. रक्ताचे डायलिसिस नेहमीच्या यंत्रावर करावयाचे तर एका वेळेला १०० लिटरांहून अधिक शुद्ध पाणी लागते. त्यासाठी घरात पाणी शुद्ध करणारी वेगळी व्यवस्था बसवावी लागे. अमेरिकेत २००५ साली ‘नेक्स्टेज’चे सुमारे ३४ किलो वजनाचे यंत्र घरच्या वापरासाठी मान्य झाले. त्याला पाणी थोडे पुरते, मात्र उपचार आठवड्यातून पाच-सहा वेळा, कमी कमी वेळ करावयाचा असतो. २०२० साली ‘टॅब्लो’ हे यंत्र घरासाठी मान्य झाले. ते नळाच्या पिण्याच्या पाण्यावर स्वतःच प्रक्रिया करते. आठवड्यातून सहा वेळा केलेल्या डायलिसिसने हृदयावरचा भार कमी होतो आणि रुग्णाला प्रकृती बरी वाटते, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आले. तथापि त्याच अभ्यासात, वारंवार सुया टोचल्या जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या तक्रारीही वाढलेल्या आढळल्या. फुकट असे काहीच मिळत नाही.

आपल्याकडे रक्ताचे डायलिसिस घरी करणारे अजून थोडे. त्याहून आटोक्यातला मार्ग आहे तो पोटातील, म्हणजे पेरिटोनियल डायलिसिसचा. १९७६ साली अमेरिकेत पोपोविच व मॉनक्रीफ यांनी त्याची अखंड चालणारी पद्धत मांडली. पोटाच्या आतील पातळ पडदा हीच येथे चाळणी. पोटात बसविलेल्या मऊ नळीतून सुमारे २ लिटर औषधी द्राव आत सोडावयाचा, काही तास ठेवावयाचा आणि मळासह बाहेर काढावयाचा. हाताने केल्यास हे दिवसातून बहुधा ४ वेळा करावे लागते. सायकलर नावाचे यंत्र असेल तर ते रात्री ८ ते १० तासांत, रुग्ण झोपेत असताना, ही भरणी-उपसणी आपोआप करते. आमच्या घरी आहे ते हेच यंत्र. आकाराने प्रवासाच्या पेटीएवढे. उशाजवळच्या मेजावर मावते.

पण बंधुभगिनींनो, मेजावर मावते ते यंत्र. त्याचा संसार मावत नाही. हाताने करावयाचे तर महिन्याला १२० पिशव्या, म्हणजे २४० किलो द्राव; यंत्राला त्याहूनही अधिक. आमच्या देवघराशेजारची खोली खोक्यांनी भरली आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा आठवड्यातून तीनदा रुग्णालय गाठणाऱ्यांचे फार हाल झाले. आम्ही घरी सुखरूप होतो. पण पुढची खोकी येतील की नाही या काळजीने मी रोज ती मोजत असे. नळीला पीळ पडला की मध्यरात्री यंत्र ओरडू लागते. पावसाळ्यात वीज गेली की पत्नी अंधारातही माझ्याकडेच रोखून पाहते. वीज खात्याचा माणूस ना मी! अशा वेळी पिशवी खुंटीला टांगून हातानेच काम उरकावे लागते. ही पद्धत यंत्र घेणाऱ्या प्रत्येक घराला आलीच पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचा तो नेम. आपल्या आजी-पणजींचे सोवळे ज्यांनी पाहिले असेल त्यांना तो लवकर समजेल. दारे-खिडक्या लावावयाच्या, पंखा बंद करावयाचा, नाकातोंडावर पट्टी बांधावयाची, अंगठ्या-बांगड्या उतरवून हात साबणाने नीट धुवावयाचे. आणि नळीचे तोंड उघडे असताना त्याला कशाचाही स्पर्श होऊ द्यावयाचा नाही. फरक एवढाच, की हे सोवळे कोणाची जात विचारत नाही, हात धुतले आहेत की नाही एवढेच विचारते. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाई हे सारे शिकल्या आणि आज ते माझ्यापेक्षा चोख करतात. देवघराला लागून असलेल्या त्या खोलीत त्यांच्या हातून जे घडते, त्याला मी पूजा म्हणण्यास कचरत नाही.

माझ्या हातून एकदा हा नेम मोडला. २०२१ सालची गोष्ट. वीज नव्हती म्हणून हाताने पिशवी बदलत होतो. मध्येच टेलिफोन वाजला. मी तो घेतला आणि पुन्हा हात न धुता जोडणी पुरी केली. बाहेर आलेल्या द्रावाची पिशवी छापील कागदावर ठेवली असता तिच्यातून अक्षरे वाचता आली पाहिजेत, अशी एक घरगुती परीक्षा आहे. दोन दिवसांनी अक्षरे दिसेनात. द्राव गढूळ झाला होता आणि पत्नीच्या पोटात कळा येत होत्या. ती पिशवी बरोबर घेऊन आम्ही तडक रुग्णालय गाठले. पोटातील पडद्याला जंतुसंसर्ग झाला होता. वेळीच औषध मिळाल्याने त्यातून ती उठली. डॉक्टरांनी विचारले तेव्हा मात्र मी टेलिफोनची गोष्ट लपवली. घरी आल्यावर पत्नी म्हणाली, “अहो, वहीत लिहून ठेवा. चूक लिहिली नाही तर ती पुन्हा होते.” वजन, रक्तदाब, आत गेलेला व बाहेर आलेला द्राव यांची आमची रोजची वही आहे. तीत त्या दिवशी मी माझी चूक लिहिली आणि पुढच्या तपासणीला ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. संसर्ग त्याच चुकीने झाला असे खात्रीने कोणी सांगू शकणार नाही. परंतु माझे मन मला सांगते.

यातून मला जे कळले तेच आज सांगावयाचे आहे. यंत्र घरी येते म्हणजे रुग्णालय संपते असे नव्हे. परिचारिकेचे काम घरातल्या कोणावर तरी येते. ते कोणावर, हे आधी ठरले पाहिजे. मी पत्नीची सेवा करतो म्हणून माझे कौतुक होते. माझ्या जागी ती असती तर कोणी वाखाणले असते का? बहुतेक घरांत हे ओझे पत्नीवर किंवा सुनेवर न विचारता पडते. म्हणून किमान दोघांनी शिकावे, पाळी लावून करावे, आणि मदतनिसाला आठवड्यातून एखादी रात्र पुरी झोप मिळू द्यावी. थकलेल्या हाताकडूनच नेम मोडतो.

हा मार्ग प्रत्येकाला मानवतोच असे नाही. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्यांना तो बहुधा जमत नाही. प्रत्यारोपण शक्य असेल तर ते अधिक चांगले. निर्णय तज्ज्ञानेच करावयाचा. खर्चही लहान नाही. केंद्र शासनाने २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि पुढे पोटातील डायलिसिसलाही त्यात स्थान दिले. आपल्या जिल्हा रुग्णालयात त्यातले काय मिळते याची चौकशी प्रत्येक गरजू कुटुंबाने अवश्य करावी.

शेवटी महाजन या नात्याने एक विनंती. आजार सुरू झाल्यापासून पत्नीने श्रींची पालखी पाहिली नव्हती. गेल्या वर्षी धीर करून, चार दिवसांच्या पिशव्या गाडीत घालून आम्ही आलो. तळीत स्नान तिला वर्ज्य, म्हणून तिने काठावरूनच हात जोडले. अग्रशाळेतील खोलीत कंदील टांगावयाच्या कडीला मी पिशवी अडकवली. वाऱ्याने दार उघडू नये म्हणून बाहेर एक भाचा पाठ लावून बसला होता. पालखी चौकात आली तेव्हा ती माझ्या शेजारी उभी होती.

अग्रशाळेची एक खोली अशा रुग्णांसाठी राखून ठेवावी, एवढेच माझे मागणे. आत हात धुण्याचे बेसिन, भिंतीला भक्कम खुंटी, धूळ न धरणारी फरशी, नीट लागणारे दार, आणि वीज गेल्यास यंत्र चालू ठेवणारा इन्व्हर्टर. इन्व्हर्टरची जोडणी मी स्वतः विनामूल्य करून देईन. आपल्यापैकी कोणाकोणाच्या घरी आज हा आजार आहे आणि म्हणून ते उत्सवाला आले नाहीत, याची यादी समितीने केली तर ती लहान निघणार नाही. पुढच्या उत्सवाला त्यांतले एखादे कुटुंब जरी त्या खोलीत उतरले, तरी माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.

समोर बसलेल्या माझ्या पत्नीची पिशवी बदलण्याची वेळ झाली असल्याने आपली रजा घेतो.