आपापली किर्द



उपवासकाळाचे ४० दिवस सुरू झाले, की आपल्या मंडळ्यांतून एक निराळीच तपासणी सुरू होते: शुक्रवारच्या उपासनेला कोण आले नाही, कोणाच्या चुलीवर मटण शिजले, कोणाचा उपास केवळ लोकांना दाखविण्यापुरता आहे. या तपासणीने मी फार दुःखी होतो, आणि मिळालेली सर्व मिनिटे तिच्यावरच खर्च करणार आहे.

माझे वडील किराणा दुकानदार होते. रात्री दुकानाच्या फळ्या लावून झाल्या, की कंदिलाची वात वर करून, लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही मांडीवर घेऊन ते गल्ल्यातील रोकड किर्दीशी पडताळून पाहत, आणि एका आण्याचा मेळ बसेना तर ताटावर बसत नसत. परंतु समोरच्या दुकानदाराच्या मापात काय खोट आहे, याची नोंद त्या वहीच्या एकाही पानावर मला कधी आढळली नाही.

लूकच्या १८व्या अध्यायातील परूशी हिशेबात कच्चा नव्हता. आठवड्यातून दोन उपास आणि उत्पन्नाचा दशांश या रकमा त्याच्या जमेस खरोखरच होत्या, हे मान्य केले पाहिजे. घोटाळा झाला तो नावेच्या बाजूस, कारण तेथे आपल्या रकमा मांडावयाच्या सोडून त्याने दूर उभ्या असलेल्या जकातदाराचे खाते उघडले. आणि ज्याचा जन्म लोकांचा माल तपासण्यात गेला, तो जकातदार त्या दिवशी एकच वही घेऊन मंदिरात आला होता, स्वतःची, आणि तीत बाकीवाचून काहीच नव्हते.

हे ऐकताना तुमच्यापैकी पुष्कळांना एखादा शेजारी आठवला असेल, आणि हे त्याने ऐकावयास हवे होते, असेही वाटले असेल. म्हणून पुन्हा सांगतो, मी त्या शेजाऱ्याविषयी बोलत नाही, तुमच्या मांडीवरच्या वहीविषयी बोलत आहे.

४थ्या शतकात, मिसर देशातील स्केतीसच्या अरण्यात, एका बंधूच्या अपराधाचा निवाडा करावयास तपस्वी जमले असता, पूर्वायुष्यात दरोडेखोर असलेले अब्बा मोशे पाण्याने भरलेले गळके भांडे घेऊन आले. आपली पापे अशीच मागे गळत असून आपल्याला ती दिसत नाहीत, आणि तरी आपण दुसऱ्याचा न्याय करावयास निघालो आहोत, असे त्यांनी सांगितले, तेव्हा निवाडा तेथेच थांबला आणि बंधूला क्षमा मिळाली.

तर मग अन्यायाकडे डोळेझाक करावी काय? मुळीच नाही, भावाच्या डोळ्यातील कुसळ काढण्यास प्रभूने मनाई केलेली नाही, मुसळ आधी काढावयास सांगितले आहे, आणि या क्रमाविषयी पुष्कळ बोलता येईल, पण घड्याळाचा काटा पुढे गेला आहे. तिबिर्य सरोवराच्या काठी, कोळशाच्या विस्तवावरील मासळी व भाकर खाऊन झाल्यावर, पेत्राने मागे वळून दुसऱ्या शिष्याविषयी जी चौकशी केली, तिचे प्रभूने काय उत्तर दिले, हे सांगावयाचे राहूनच गेले. ते आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी योहानाच्या २१व्या अध्यायात, २०व्या वचनापासून, आपापल्या घरी वाचा.