झोका पिशवीचा



ऑपरेशन ठरलं की नातेवाइकांना आजही सांगतात, "दोन बाटल्या रक्ताची सोय करून ठेवा." नातेवाईक रक्तपेढीच्या खिडकीशी जाऊन बाटल्याच मागतात, आणि आतून हातात येते ती पिशवी. काचेची बाटली रक्तपेढीतून केव्हाच हद्दपार झाली, पण आपल्या तोंडून ती काही जात नाही. माझी नोकरी झाली भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात, या पिशवीला झोका देणारी यंत्रं बनवण्यात. म्हणून बाटलीची बाजू आज मी घेणार नाही, हे आधीच सांगतो.

बाटलीतून रक्त खाली उतरायचं तर आत हवा शिरायला वाट ठेवावी लागे. तीच हवा चुकून रोग्याच्या शिरेत गेली तर जिवाशी गाठ. शिवाय काच फुटायची, धुवायची, उकळायची. बोस्टनचे शल्यविशारद कार्ल वॉल्टर यांनी 1950 च्या सुमारास विल्यम मर्फी यांच्या साथीनं प्लॅस्टिकची पिशवी पुढे आणली. हे मर्फी म्हणजे 1934 च्या नोबेल विजेत्या डॉक्टर मर्फींचे चिरंजीव. पिशवी रिकामी होता होता आपोआप चिमटत जाते, तिला हवेची गरजच नाही. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनं हे तंत्र देशातच विकसित केलं आणि ते कारखान्यापर्यंत पोचवलं.

या पिशवीची एक गंमत सांगतो. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट रसायन घालतात, ते थोडं थोडं रक्तात झिरपतं. ऐकायला वाईट वाटतं, आणि त्याबद्दलची काळजी खोटीही नाही. पण त्याच रसायनामुळे तांबड्या पेशींचं आवरण साठवणीत जास्त टिकतं. म्हणून त्याला पर्याय शोधणाऱ्यांची पंचाईत होते.

आता झोक्याकडे येतो. 350 मिलीच्या पिशवीत आधीच 49 मिली औषधी द्रव असतो. त्यातलं सायट्रेट रक्तातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. पण सायट्रेट पिशवीत आहे एवढ्यानं भागत नाही, आत येणाऱ्या प्रत्येक थेंबाला ते भेटलं पाहिजे. रक्त त्या द्रवापेक्षा जड. पिशवी नुसती पडून राहिली तर रक्त तळाशी, द्रव वर, आणि कोपऱ्यात बारीकशी गुठळी. पुढे रोग्याला रक्त चढवताना तीच गुठळी गाळणीत अडकते.

भांड्यात काही मिसळायचं तर आपण पळी फिरवतो. इथे पिशवी बंद, निर्जंतुक, आत काहीही घालायची सोय नाही. जोरात घुसळावं तर तांबड्या पेशी फुटतात. उरतं एकच, पिशवीच हलवायची. पण पिशवीला स्वतःचा आकार कुठे असतो? दुधाची पिशवी हातात घेऊन पाहा, ज्या बाजूला कलवाल तिकडे ती लोळण घेते.

आमचा पहिला शेकर म्हणजे एक ताट आणि खाली मोटर, दिवाळीतल्या खेळण्यासारखं टकाटक वरखाली होणारं. पाण्यात निळा रंग टाकून आम्ही चाचणी घेतली आणि खूश झालो. मग एका रक्तपेढीतल्या जुन्या टेक्निशियन बाईंना दाखवायला नेला. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, हे नुसतं थरथरतंय. पिशवीला पलीकडे पोचायला वेळ तर द्या!" त्यांनी पिशवी तळहातावर घेतली, एका टोकाला कलवली, किंचित थांबल्या, मग दुसऱ्या टोकाला. त्या थांबण्यात सगळं होतं. रक्त पाण्यापेक्षा दाट. ते कोपऱ्यापर्यंत जाऊन परत वळायला क्षणभर घेतं. आमच्या घाईत पिशवीच्या मधलंच पाणी डुचमळत होतं, कोपरे तसेच राहत होते. परत येऊन आम्ही वेग कमी केला आणि दोन्ही टोकांना थांबा दिला. मशीन दिसायला आळशी झालं, पण काम करू लागलं.

दुसरा धडा वजनाचा. रक्त किती जमलं हे पिशवी तोलूनच कळतं. 350 मिली रक्त म्हणजे साधारण 370 ग्रॅम. तेवढं झालं की चिमट्यानं नळी बंद करायची. कारखान्यात आमचा काटा ग्रॅमला ग्रॅम जुळायचा. मग डिसेंबरातल्या एका सकाळी, शाळेच्या वर्गात भरलेल्या शिबिरात, पिशव्या जड भरू लागल्या. ठरल्यापेक्षा जास्त रक्त घेणं म्हणजे दात्याशी बेइमानी. आम्ही बाकं सरळ केली, पायांखाली पुठ्ठे सारले. काही फरक नाही. दोष निघाला नळीत. थंडीनं ती ताठरली होती आणि ताटातल्या पिशवीला काडीसारखी उचलून धरत होती. काट्याला पिशवी हलकी वाटायची, मग तो आणखी रक्त येऊ द्यायचा. पुढे आम्ही दोन गोष्टी केल्या. चिमटा आणि ताट यांच्यामध्ये नळीला एक ढिला वळसा ठेवला, आणि नळी बसवून झाल्यावरच काटा शून्यावर आणायचा असा नियम केला. वजनही झोक्यात नाही, ताट आडवं होऊन थांबतं तेवढ्या क्षणात घ्यायचं.

हा झोका रक्तपेढीपुरता राहिला नाही. विजय सिंग यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत पेशी वाढवण्यासाठी पंखा असलेली पोलादी टाकी नाही. फुगवलेली पिशवी डोलत्या फळीवर ठेवायची. आत लाट उठते, आणि तीच हवा मिसळून देते.

पण सगळ्यात चोखंदळ पिशवी रक्तपेढीतलीच, प्लेटलेटची. ती फ्रीजमध्ये चालत नाही. 20 ते 24 अंशात, सपाट फळ्यांवर, रात्रंदिवस हलत ठेवायची. प्लेटलेट जिवंत असतात, पिशवीच्या भिंतीतून झिरपणारा ऑक्सिजन घेतात. हालचाल थांबली की आम्लता वाढते आणि त्या खराब होऊ लागतात. साधारण पाच दिवसांचं त्यांचं आयुष्य.

त्या ठीक आहेत का, हे पाहायची जुनी रीत बाईंनी मला एका रात्रपाळीला दाखवली. फळीवरून पिशवी उचलली, ट्यूबलाइटसमोर धरली, बोटांनी हलकेच दाबली. पिवळसर द्रवात मोत्यासारखी झाक असलेल्या लाटा फिरल्या. प्लेटलेट तबकडीसारख्या चपट्या असतात तोवर वळताना उजेड परततात, गोल झाल्या की ती झाक जाते. बाईंनी दुसरी पिशवी धरली. मला तीही तशीच वाटली. त्यांनी पुन्हा दाबून पाहिली, मान हलवली आणि ती बाजूच्या ट्रेमध्ये वेगळी ठेवली.