यंत्र आणि सौजन्य

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी नोकरवर्गाची वसाहत. झाशीच्या राणीचे नाव मिरविणाऱ्या या वसाहतीजवळच मेट्रोचे आय.एन.ए. हे भूमिगत स्थानक आहे. तेथे 2010 साली पिवळी मार्गिका आली आणि 2018 साली गुलाबी. कचेरीस निघालेला कारकून फाटकाच्या यंत्राला कार्ड टेकवितो, फाटक उघडते आणि तो आत शिरतो. या सोयीमागे जपानचे साहाय्य आहे, हे त्याच्या ध्यानीही नसते.

दिल्ली मेट्रोसाठी जपानने पहिले कर्ज 1997 साली दिले. 24 डिसेंबर 2002 रोजी शाहदरा ते तीस हजारी हा पहिला मार्ग खुला झाला. परंतु जपानकडून केवळ पैसा आला नाही. बांधकामावर डोक्यास शिरस्त्राण असावे, ठरल्या वेळी कामावर हजर व्हावे, असा आग्रह जपानी तज्ज्ञांनी धरला. यंत्राच्या आधी शिस्त आली.

खुद्द जपानात यंत्र आणि सेवा यांची सांगड जुनी आहे. आगगाडीतील जागा राखून ठेवण्याचे काम तेथे 1960 साली संगणकाकडे सोपविले गेले. 1964 साली टोकियो-ओसाका वेगवान गाडी धावू लागली. 1967 साली ओसाकानजीकच्या किता-सेनरी स्थानकात तिकिटे तपासणारी स्वयंचलित फाटके बसली. तरीही स्थानकातला माणूस नाहीसा झाला नाही. चाकांच्या खुर्चीतील उतारू आला, की सेवक फलाट आणि डबा यांच्यामध्ये फळी टाकतो, आणि पुढच्या स्थानकास वर्दी देतो. गाडी तेथे पोहोचते तेव्हा दुसरा सेवक फळी घेऊन उभा असतो. तिकीट यंत्राने पाहावे, माणसाला माणसाने पाहावे, अशी ही वाटणी आहे.

अर्थात या चित्राला दुसरी बाजूही आहे. 2020 सालच्या साथीत याच देशातील डॉक्टर रुग्णांची माहिती हाताने लिहून फॅक्सने धाडीत होते. सरकारी नियमांतून फ्लॉपी हद्दपार व्हायला 2024 साल उजाडावे लागले. जुनी रीत मोडवत नाही, म्हणून नवे यंत्र दाराशी तिष्ठत राहते. शिवाय ग्राहकाला देव मानण्याचा भार अखेर सेवकाच्याच खांद्यावर पडतो. ग्राहकांच्या अरेरावीला आळा घालण्यासाठी टोकियो महानगराला नियम करावा लागला. 1 एप्रिल 2025 पासून तो अंमलात आला. त्यात शिक्षा नाही. सेवकालाही मान असतो, एवढीच आठवण आहे.

ही आठवण लक्ष्मीबाई नगरच्या रहिवाशांनाही उपयोगी पडावी. कर्ज फेडता येते, यंत्र विकत घेता येते. परंतु फाटकाशी गोंधळलेल्या वृद्धेला वाट दाखविणारा सेवक, आणि त्या सेवकाशी आर्जवाने बोलणारा उतारू, ही दोन्ही माणसे समाजाला स्वतःच घडवावी लागतात.