ग्रंथपालाचे अखंड अध्ययन
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुण-तरुणी आज विद्यापीठांच्या ग्रंथालयांत सेवा करीत आहेत. त्यांच्याशी, आणि त्यांच्या घरच्या मंडळींशीही, ऑनलाइन अभ्यासक्रमांविषयी दोन शब्द बोलण्यास आम्ही उभे आहोत.

ग्रंथपालास शिक्षण हवे, ही कल्पना नवी नव्हे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले आणि १९११ साली बडोद्यास ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला. गणिताचे अध्यापक रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालय सतत वाढत राहते, हे त्यांनी आग्रहाने मांडले. मग ते सांभाळणाराने वाढणे थांबवून कसे चालेल?

पूर्वी उजळणी वर्गासाठी आठवडेच्या आठवडे परगावी राहावे लागे. रजा मिळणे दुरापास्त. लहान मुले असलेल्या भगिनींची अडचण तर सांगावयासच नको. २०१७ साली 'स्वयम्' सुरू झाले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी ग्रंथपालांच्या पदोन्नतीसाठी ऑनलाइन अभ्यासक्रमही ग्राह्य धरले. चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि चर्चा ही 'स्वयम्'ची चार अंगे होत. शिकणे विनामूल्य; प्रमाणपत्राच्या परीक्षेस मात्र शुल्क पडते.

येथे आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. पहिला अभ्यासक्रम आम्ही केवळ प्रमाणपत्रासाठी केला. एकीकडे चित्रफीत चालू, दुसरीकडे कचेरीचे काम. चर्चेत एक अक्षर लिहिले नाही. प्रमाणपत्र मिळाले आणि सेवापुस्तकात त्याची नोंदही झाली. महिन्याभराने एक संशोधक विद्यार्थिनी आली. पैसे घेऊन निबंध छापणारे एक नियतकालिक खरे की बनावट, असे तिने विचारले. तो पाठ अभ्यासक्रमात होता. पण आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या रात्री आम्ही तोच पाठ वही घेऊन पुन्हा ऐकला. दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी बसून संपादक मंडळ, पत्ता, निबंध तपासण्याची रीत, सारे पडताळले. तिचे पैसे वाचले. आम्ही खरे शिकलो ते त्या दिवशी.

हे काम आता वाढले आहे. आयोगाची २०१९ पासूनची 'केअर' ही नियतकालिकांची यादी २०२५ साली बंद झाली आणि पारख करण्याचा भार संस्थांवर आला. विद्यार्थी प्रथम विचारणार ग्रंथपालालाच.

म्हणून तरुणांस आमची विनंती, की आठवड्यास एक पाठ ऐकावा आणि तो आपल्या ग्रंथालयात लगेच करून पाहावा. घरच्यांनी शिकणाऱ्या सुनेस व लेकीस संध्याकाळचा एक तास निवांत द्यावा. आणि गरजूंचे परीक्षाशुल्क भरण्याचा विचार मंडळाने करावा; हा खर्च मोठा नाही, पण त्याचा लाभ पुष्कळांच्या मुलांस होईल.